स्मरणरंजन आणि स्मरणचिकित्सा : ब्रिटिश खेड्यांतील व नगरांतील बालपणाच्या आत्मकथनांचा एक विचार

सारांश

विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्यात खेड्यातील अथवा औद्योगिक नगरातील बालपण सांगणाऱ्या आत्मकथनांची एक समृद्ध परंपरा आहे. फ्लोरा थॉम्पसन, लॉरी ली, रिचर्ड हॉगार्ट, रॉबर्ट रॉबर्ट्स, कॅरोलिन स्टीडमन, लॉर्ना सेज व लेम सिसे यांच्या लेखनाच्या आधारे या परंपरेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. बालपणाचा अंत आणि जुन्या समाजरचनेचा अंत या दोन भिन्न घटना या लेखनात वारंवार एकरूप होतात. त्या एकरूपतेतून गोडवा निर्माण होतो आणि त्या गोडव्याखाली काही माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, दुःख झाकले जाते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : आत्मकथन, स्मरणरंजन, ग्रामजीवन, कामगारवस्ती, बालपण, स्मृती.

प्रस्तावना

मराठी समीक्षेत रूढ झालेला 'स्मरणरंजन' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. स्मरण आणि रंजन या दोन क्रिया त्यात एकत्र आल्या आहेत. गतकाळ आठवणे ही एक क्रिया, आणि आठवताना त्याला रंग चढवून स्वतःचे व श्रोत्याचे मन रिझवणे ही दुसरी. बालपणाच्या आत्मकथनात या दोन क्रिया इतक्या बेमालूमपणे मिसळतात की पहिली कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. समीक्षेचे काम या ठिकाणी सुरू होते.

ब्रिटनमधील बालपणाची आत्मकथने या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. औद्योगिक क्रांती सर्वप्रथम त्या देशात झाली. खेडी रिकामी होणे, गिरण्यांभोवती वस्त्या वाढणे, सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण येणे, दोन महायुद्धांत तरुण पिढी कामी येणे आणि पुढे कल्याणकारी राज्याची स्थापना होणे ही स्थित्यंतरे तेथे सुमारे शंभर वर्षांच्या आत घडली. त्यामुळे तेथील जवळजवळ प्रत्येक पिढीला आपले बालपण एका संपलेल्या जगात गेले असे वाटावे, अशी परिस्थिती होती. या लेखनाचा साठाही मोठा आहे. जॉन बर्नेट, डेव्हिड व्हिन्सेंट आणि डेव्हिड मेयॉल यांनी कामगारवर्गीय आत्मचरित्रांची जी सूची १९८४ ते १९८९ या काळात तीन खंडांत सिद्ध केली, तिच्यावरून सामान्य माणसांनी आपले जीवन लिहून ठेवण्याची प्रेरणा किती खोल होती याची कल्पना येते.

संपणाऱ्या जगाचा शेवटचा साक्षीदार

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. जुने, सेंद्रिय ग्रामजीवन नुकतेच संपले असे एका पिढीचा लेखक सांगतो. त्याने सांगितलेल्या काळात जाऊन पाहावे, तर त्या काळचा लेखकही तेच सांगत असतो, केवळ आणखी मागच्या काळाविषयी. विल्यम्स यांनी यासाठी सरकत्या जिन्याची प्रतिमा योजली आहे. या जिन्यावरून मागे मागे जात राहिले तरी 'खरे' जुने खेडे हाती लागत नाही. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवरील पँडी या खेड्यात, रेल्वेच्या सिग्नल खात्यात काम करणाऱ्या गृहस्थाच्या घरी वाढले होते. त्यामुळे ग्रामीण आठवणींविषयी त्यांच्या मनात उपहास नाही, जिव्हाळाच आहे. तरीही जिव्हाळा आणि पुरावा यांची गल्लत ते होऊ देत नाहीत.

हे निरीक्षण प्रमुख आत्मकथनांना लावून पाहता चित्र स्पष्ट होते. फ्लोरा थॉम्पसन (१८७६-१९४७) यांची 'लार्क राइज' (१९३९), 'ओव्हर टू कँडलफर्ड' (१९४१) आणि 'कँडलफर्ड ग्रीन' (१९४३) ही तीन पुस्तके १९४५ मध्ये एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध झाली. त्यांतील जुने जग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मावळते. लॉरी ली (१९१४-१९९७) यांच्या 'सायडर विथ रोझी' (१९५९) या पुस्तकात तेच जग १९२० नंतरच्या दशकात, मोटारगाडीच्या आगमनाबरोबर, संपते. रिचर्ड हॉगार्ट यांच्या 'द युझेस ऑफ लिटरसी' (१९५७) मध्ये लीड्स शहराच्या हन्सलेट भागातील कामगारसंस्कृती दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकून असते आणि त्यानंतर बाजारू मनोरंजनापुढे क्षीण होते. तीन लेखकांनी तीन वेगवेगळे अंतकाळ सांगितले आहेत आणि प्रत्येक अंतकाळ त्या त्या लेखकाच्या कौमार्याच्या समाप्तीशी जुळतो. हा योगायोग मानणे कठीण आहे. वयाने हिरावलेले आणि इतिहासाने हिरावलेले यांची मोजदाद एकाच खात्यात झाल्यामुळे असे घडते.

याचा अर्थ हे लेखक खोटे सांगतात असा नव्हे. मोटार खरोखरच आली, जमीनदारांची सत्ता खरोखरच सैल झाली. प्रश्न एवढाच उरतो की वाचकाला वाटणारी हुरहूर नेमकी कोणत्या हानीबद्दलची आहे.

'लार्क राइज' : हिशेब राखणारी आठवण

थॉम्पसन यांच्या लेखनाकडे अनेकदा एक सुखद ग्रामचित्र म्हणून पाहिले जाते. त्याच्या प्रकाशनाचा काळ याला कारणीभूत असावा. युद्धाच्या छायेत वावरणाऱ्या वाचकाला त्यात आपला हरवलेला देश दिसणे स्वाभाविक होते. मात्र मूळ पुस्तक काळजीपूर्वक वाचल्यास त्याचा पाया हिशेबाचा आहे, हे लक्षात येते. ऑक्सफर्डशरमधील जुनिपर हिल ही वाडी पुस्तकात 'लार्क राइज' या नावाने येते. तेथील शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंग मजुरी मिळते. या दहा शिलिंगांत घरभाडे, पाव, बूट आणि मुलांचे कपडे कसे भागवले जातात, घरात पाळलेल्या डुकरावर वर्षाचे मांस कसे अवलंबून असते, कापणीनंतर बायका-मुले शेतात सरवा वेचून पिठाची सोय कशी करतात, याचे तपशील लेखिका शांतपणे मांडते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला घरकामासाठी बाहेरगावी धाडले जाते, कारण घरात झोपायला जागा नसते आणि ताटात वाढायला पुरेसे नसते.

थॉम्पसन यांनी स्वतःला 'लॉरा' हे नाव देऊन तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले आहे. या तंत्रामुळे लेखिका आणि तिचे बालपण यांच्यात एक अंतर राहते. त्या अंतरामुळे भावनेला आवर बसतो आणि निरीक्षणाला वाव मिळतो. वाडीतील वृद्ध सॅली हिच्या आठवणींतून, सामाईक माळरानाला कुंपणे पडण्यापूर्वी गरिबांच्या स्थितीत थोडी अधिक ऐसपैसता होती, हेही वाचकाला कळते. म्हणजे लॉराच्या बालपणापूर्वीच एक हानी होऊन गेलेली असते आणि तिची कारणे कायद्यात व मालकीत असतात. सरकत्या जिन्याची जाणीव येथे लेखिकेलाच आहे.

'लार्क राइज'चा शेवट या दृष्टीने उल्लेखनीय आहे. पहिल्या महायुद्धात त्या इवल्याशा वाडीतील अकरा तरुण मारले गेले. चर्चमधील पितळी पाटीवर त्यांची नावे कोरली आहेत आणि शेवटचे नाव लॉराच्या भावाचे, एडमंडचे आहे. लेखिकेचा भाऊ एडविन प्रत्यक्षात १९१६ मध्ये युद्धात कामी आला होता. या शेवटावर कोणतेही भाष्य नाही. ज्या मुलांचे खेळ, गाणी आणि भूक वाचकाने शेकडो पानांत पाहिली, त्यांचे काय झाले हे एका पाटीवर दिसते. स्मरणाला रंजनापासून अलग करणारी ही जागा आहे.

'सायडर विथ रोझी' : गोडव्याची किंमत

लॉरी ली यांचे पुस्तक याहून वेगळ्या प्रकृतीचे आहे. ग्लॉस्टरशरमधील स्लॅड या दरीतील खेड्यात, तीन वर्षांचा असताना सामानाच्या गाडीतून उंच गवतात उतरवला गेलेला आणि भेदरून रडणारा मुलगा ही त्याची सुरुवात आहे. ली हे मुळात कवी. त्यांच्या गद्यात वास, चव, स्पर्श आणि प्रकाश यांची दाटी आहे. बालकाच्या इंद्रियानुभवाचे इतके प्रत्ययकारी चित्रण इंग्रजी गद्यात विरळा आढळते, हे निःसंशय मान्य करावे लागते. काळाच्या ओघात काही तथ्ये बदललेली असू शकतात, अशी कबुली लेखकाने प्रारंभीच देऊन ठेवली आहे.

परंतु या पुस्तकातील सामग्री तिच्या सुरापेक्षा कितीतरी कठोर आहे, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. न्यूझीलंडहून पैसा कमावून परतलेला एक गावकरी दारूच्या गुत्त्यात बढाया मारतो. त्याच रात्री काही तरुण त्याला मारहाण करतात आणि तो बर्फात मरून पडतो. मारेकरी कोण हे गावाला ठाऊक असते, पण पोलिसांना कोणी काही सांगत नाही. अर्धशतकाचा संसार केलेल्या एका वृद्ध जोडप्याला निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात, म्हणजे वर्कहाऊसमध्ये, नेले जाते. तेथील नियमाप्रमाणे पुरुष आणि स्त्री यांना वेगवेगळ्या भागांत ठेवतात आणि आठवड्याच्या आत दोघेही मरण पावतात. किशोरवयीन मुलांची टोळी एका भाविक व भोळसट समजल्या जाणाऱ्या मुलीवर रानात अत्याचार करण्याचा बेत आखते. प्रत्यक्षात तो फसतो.

या तीन प्रसंगांकडे लेखक एकाच नजरेने पाहत नाही. वृद्ध जोडप्याच्या प्रसंगात त्याचा संताप आवरलेला पण स्पष्ट आहे आणि ती पुस्तकातील सर्वोत्तम पाने आहेत. खुनाच्या प्रसंगात गावाच्या मौनाचे त्याला आकर्षण वाटते. रानातील प्रसंगात मात्र सूर थट्टेकडे झुकतो. असे प्रकार त्या काळी गाव आपापसांत मिटवीत असे, कायद्याकडे जात नसे, असे सांगताना लेखकाच्या मनात त्या व्यवस्थेविषयी कौतुकच दिसते. त्या मुलीने पुढे त्या रानातून जाणे-येणे कसे केले, तिने हे कोणाला सांगितले की नाही, हे प्रश्न पुस्तकाला पडत नाहीत. गावाने 'आपापसांत मिटवणे' याचा अर्थ दुर्बळ व्यक्तीने गप्प राहणे असा असू शकतो. लेखकाच्या मोहक भाषेमुळे हा अर्थ झाकला जातो. या ठिकाणी रंजन स्मरणावर मात करते.

लेखकाच्या आईचे, ॲनी लाइट यांचे, चित्रण याच संदर्भात पाहावे लागते. नवरा सोडून गेल्यावर स्वतःच्या आणि त्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलांना तिने एकटीने वाढवले आणि त्याच्या परतण्याची वाट पाहण्यात तिचे आयुष्य गेले. ली यांनी तिचा वेंधळेपणा, तिची फुलांची हौस, तिचे हसणे अतिशय प्रेमाने रंगवले आहे. मुलांचे बालपण उबदार राहिले ते तिच्यामुळे. पण त्या उबेसाठी तिने काय जाळले, याचा अंदाज वाचकाला ओळींच्या मधून घ्यावा लागतो.

गल्लीतील खेडे : हॉगार्ट आणि रॉबर्ट्स

नगरातील बालपणाच्या कथनांतही हाच ताण आढळतो. हॉगार्ट (१९१८-२०१४) यांनी आईवडिलांच्या मृत्यूनंतर आजीकडे काढलेल्या बालपणाच्या आधारे कामगारवस्तीतील घर, शेजार, बोलभाषा आणि 'आई' या केंद्राचे आत्मीय वर्णन केले. स्मरणरंजनाचा धोका त्यांना ठाऊक होता आणि तो त्यांनी ग्रंथारंभी नोंदवलाही आहे. तरीही त्यांच्या वर्णनातील आई सर्वांसाठी झिजणारी आणि स्वतःसाठी काही न मागणारी अशीच उरते. शिष्यवृत्तीमुळे आपल्या वर्गातून उखडला गेलेला मुलगा हे त्यांचे विश्लेषण मात्र आजही अचूक वाटते. ज्या शिक्षणाने लिहिण्याची शक्ती दिली, त्यानेच लिहिण्याच्या विषयापासून दूर नेले, ही या परंपरेतील बहुतेक लेखकांची अवस्था आहे.

रॉबर्ट रॉबर्ट्स (१९०५-१९७४) यांचे 'द क्लासिक स्लम' (१९७१) हे सॉल्फर्डविषयीचे पुस्तक या गोडव्याला दिलेले खणखणीत उत्तर आहे. रॉबर्ट्स यांच्या आईचे वस्तीत कोपऱ्यावरचे किराणा दुकान होते. गल्ल्यांच्या पुंजक्यात जणू एक खेडेच वसलेले आणि त्या खेड्याची उधारीची वही या दुकानात. कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवताना प्रत्येक कुटुंबाची पत, व्यसन, आजारपण आणि रोजगार यांचा विचार होई. सोमवारी गहाणवटीच्या दुकानात गेलेला कोट शनिवारी सुटून रविवारी अंगावर येई. काउंटरमागे वाढलेल्या मुलाला गरिबी एकजिनसी दिसत नाही. तिच्यातील पायऱ्या, मत्सर आणि तुच्छता त्याला दिसतात. एकमेकांना खेटून राहिल्याने स्नेह वाढतो तसे वैरही वाढते, हे तो विसरत नाही.

या पायऱ्यांचे वर्णन करताना रॉबर्ट्स यांनी 'जात' या अर्थाचा शब्द योजला आहे. मराठी वाचकाने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. सॉल्फर्डमधील कुटुंब दारूपायी, बेकारीपायी किंवा कर्त्याच्या मृत्यूने खाली घसरे आणि चांगला रोजगार मिळाल्यास वरही चढे. 'बलुतं' (१९७८) सारख्या आत्मकथनातून परिचित असलेली, जन्माने कायम ठरलेली उतरंड ती नव्हे. त्या शब्दाने वस्तीतील तुच्छतेची तीव्रता कळते, मात्र दोन्ही व्यवस्था समान ठरत नाहीत.

मुलींनी मांडलेला प्रतिवाद

आईचे मौन फोडण्याचे काम पुढील पिढीतील लेखिकांनी केले. कॅरोलिन स्टीडमन यांचे 'लँडस्केप फॉर अ गुड वुमन' (१९८६) हे पुस्तक आत्मकथन आणि समीक्षा यांच्या सीमेवर उभे आहे. १९५० नंतरच्या दशकात दक्षिण लंडनमध्ये वाढलेल्या या लेखिकेची आई लँकशरमधील बर्नली या गिरणीगावातून आलेली. तिला चांगले कपडे हवे होते, घर हवे होते, आणि ते न मिळाल्याचा राग तिने मुलींपासून लपवला नाही. हॉगार्ट यांच्या चौकटीत अशा आईला जागा नव्हती. गरीब बाईला इच्छा असू शकतात आणि इच्छा असणे हा राजकीय अनुभव असू शकतो, हे स्टीडमन ठामपणे सांगतात. आरोग्यसेविकेने घरी येऊन हे घर बाळासाठी योग्य नाही असे सुनावले, तेव्हा आई रडली. चार वर्षांच्या मुलीच्या मनात तो अपमान कायमचा रुतला. पण त्याच राज्यव्यवस्थेकडून मिळालेले दूध, संत्र्याचा रस आणि शाळेतील जेवण यांनी आपल्यालाही या जगात असण्याचा हक्क आहे, अशी भावना दिली, हेही त्या तितक्याच प्रांजळपणे नोंदवतात. अपमान आणि आधार एकाच हाताकडून मिळाल्याची ही नोंद कोणत्याही सोप्या निष्कर्षाला वाव देत नाही.

लॉर्ना सेज (१९४३-२००१) यांच्या 'बॅड ब्लड' (२०००) मध्ये पुन्हा खेडे आहे : वेल्स-इंग्लंड सीमेवरील हॅन्मर. पण चित्रकार्डावर शोभेल असे काही तेथे नाही. आजोबा धर्मगुरू, मद्यपी आणि परस्त्रीगामी. आजी त्यांचा आयुष्यभर द्वेष करणारी. आजोबांच्या १९३३ व १९३४ च्या रोजनिशा आजीच्या हाती लागल्या आणि शस्त्र बनल्या. त्या रोजनिशांचा आधार घेऊन सेज कौटुंबिक आख्यायिका तपासतात. सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेली ही मुलगी लग्न करते, शिकत राहते, डरहॅम विद्यापीठातून पदवी मिळवते आणि पुढे नामवंत समीक्षक होते. ज्या गोष्टीने ली यांच्या पुस्तकातील मुलाला केवळ एक गोड आठवण दिली, ती मुलीच्या वाट्याला आली तर तिचे सारे भवितव्य पणाला लागते. 'सायडर विथ रोझी' मध्ये रोझी स्वतः बोलत नाही. चाळीस वर्षांनी आलेले सेज यांचे पुस्तक तिच्या बाजूने वाचता येते.

आठवणीला साक्षीदार नसेल तर

या परंपरेतील एक अलीकडचे पुस्तक या चर्चेला वेगळे परिमाण देते. कवी लेम सिसे यांचा जन्म १९६७ मध्ये इथिओपियन आईच्या पोटी झाला. लँकशरमधील एका कुटुंबाकडे त्यांना सांभाळण्यासाठी दिले गेले. तेथे ते 'नॉर्मन' या नावाने वाढले आणि बाराव्या वर्षी त्यांची रवानगी बालगृहात झाली. त्यांच्याविषयीच्या शासकीय फायली त्यांना २०१५ मध्ये मिळाल्या. 'माय नेम इज व्हाय' (२०१९) मध्ये या फायलींतील नोंदी आणि त्यांच्या स्वतःच्या आठवणी समोरासमोर ठेवल्या आहेत. इतरांच्या बालपणाला दुजोरा देणारे भावंड, शेजारी, जुने घर असते. येथे दुजोरा कार्यालयीन कागदांकडे मागावा लागतो, आणि त्या कागदांची भाषाच मुलावर अन्याय करणारी असते. मुलाने आईविना काढलेल्या काळात आईने त्याला परत मागितल्याचे पत्र फायलीत पडून होते. स्मृती ही सर्वांना सारखी उपलब्ध असलेली मिळकत नाही, हे या पुस्तकातून निर्विवादपणे सिद्ध होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जुन्या जगाचा अंत सांगणारे बालपणाचे कथन इतिहास म्हणून वाचताना वयाची हानी आणि समाजाची हानी वेगवेगळ्या तोलाव्या लागतात. थॉम्पसन हे स्वतः करतात. ली यांच्याबाबत ते वाचकाला करावे लागते. दुसरी, बालपणाच्या गोडव्यामागे कोणाचे तरी श्रम आणि कोणाचे तरी मौन असते. ते कोणाचे, हा प्रश्न विचारल्याखेरीज अशा पुस्तकाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. तिसरी, शैलीचे सौंदर्य आणि नैतिक दृष्टी यांचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. 'सायडर विथ रोझी' मधील वृद्ध जोडप्याच्या प्रसंगात तो बसतो, रानातील प्रसंगात बसत नाही. एकाच पुस्तकात दोन्ही घडू शकते आणि समीक्षेने दोन्ही सांगितले पाहिजे.

स्मरणरंजन सर्वस्वी त्याज्य मानण्याचे कारण नाही. त्याच्या ओढीनेच माणसे लिहू लागतात आणि वाचकही पुस्तक हाती घेतो. मात्र लार्क राइजच्या चर्चमधील पितळी पाटी, सॉल्फर्डच्या दुकानातील उधारीची वही, हॅन्मरच्या धर्मगुरूच्या रोजनिशा आणि सिसे यांच्या फायली या सर्व वस्तू आठवणीला जाब विचारणाऱ्या आहेत. असा जाब स्वतःहून देणारी आत्मकथने काळाच्या कसोटीवर अधिक टिकाऊ ठरतात, असे म्हणता येईल.